लग्नापुरती उंची

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात पाय गळाले, म्हणून मी पायरीवरच बसले. शेजारच्या सत्तरीच्या काकू भाजीची पिशवी घेऊन माझ्या बाजूने वर गेल्या. "तरणीताठी पोर तू, आणि दमतेस?"

माझ्या शरीरात वाढीचं हार्मोन पुरेसं तयार होत नाही, म्हणून लहानपणी त्याची इंजेक्शनं रोज घेतली. पाच फुटांवर पोचले आणि ती बंद झाली. हाडांना, स्नायूंना ती अजून हवीत, असं डॉक्टर आता सांगतात. बाबा म्हणतात, "कशाला? लग्नापुरती उंची झालीय की!"

बुटकी होते तेव्हा मी सगळ्यांना आजारी दिसायचे. आता नुसती थकते, तर आळशी ठरते. आपल्याकडे चारचौघांत दिसेल तेवढ्यावरच औषध करतात.

वरून आईची हाक आली, "अगं, मुलाकडचे येऊन बसलेत. लवकर ये. आणि ताठ चाल, उंच दिसतेस."