दुसरं कार्ड आणि लाल झेंडी

मी बापावर गेले आहे असं सगळे म्हणतात. नाक आईचं, उंची आईची, बापाचा फक्त राग. त्यातही फरक आहे. मी रागावले की घरातली भांडी वाजतात. बाबा रागावले की घर चिडीचूप होतं. आई म्हणते, त्यापेक्षा भांडी बरी.

बाबा रायपूरला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. मालगाडीचे मोडके डबे दुरुस्त करून रवाना करायचे, हे काम त्यांनी तेहतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घराची प्रत्येक कडी, प्रत्येक बिजागरी घट्ट केली. मग घट्ट करायला काही उरलं नाही, तेव्हा ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहू लागले.

मी दिवसा कॉम्प्युटरवर लोकांच्या न बांधलेल्या घरांची चित्रं करते आणि संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळते. राक्षस, तलवारी, किल्ले, असलं काहीबाही. बाबांना त्यात रस नव्हता. पण एकदा गेमची यादी चाळताना एक मालगाडी दिसली आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "हे चालवता येते?"

तिथेच मी फसले. रेल्वे चालवायचा तो गेम घेतला आणि त्या दिवसापासून माझी संध्याकाळ गेली. सहा वाजले की बाबा हातपाय धुऊन, केस विंचरून खुर्चीत. गाडी चालवत नसत, नुसती उभी करून बघत बसत. आणि मी, वय वर्षं एकतीस, कॉम्प्युटर कधी रिकामा होतो म्हणून दाराशी ताटकळत उभी.

यावर उपाय होता. माझा कॉम्प्युटर तगडा आहे. आत पडद्यावरचं चित्र सांभाळणारं दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तर एकाच मशीनची दोन मशीन करता येतात. दोघांना वेगळा पडदा, वेगळा माऊस, वेगळा गेम, आणि दोघं एकाच वेळी. जुनं कार्ड घरातच होतं, आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीत गुंडाळलेलं. आईला वाटायचं, एवढं जड आहे म्हणजे मौल्यवानच असणार.

मे महिना होता. बुद्धपौर्णिमा पाच-सहा दिवसांवर आलेली. बाबांनी जमिनीवर चादर अंथरली, पाने आणि स्क्रू ड्रायव्हर उंचीप्रमाणे ओळीत मांडले, स्क्रूसाठी आईची कोशिंबिरीची वाटी घेतली. मग पुढच्या खोलीचा मेन स्विच खाली पाडला आणि त्याला लाल झेंडी लावली.

या झेंडीबद्दल सांगायला हवं. डब्याखाली माणूस काम करत असला की तिथे लाल झेंडी लावायची, आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, हा कारखान्याचा नियम. साहेब आला तरी त्यानं हात लावायचा नाही. बाबांनी तो नियम घरी आणला होता. पंखा असो, पाण्याची मोटर असो, गीझर असो, आधी झेंडी. आईच्या जुन्या लाल पोलक्याचं कापड, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात अडकवलेलं. आठवीत असताना मी एकदा टीव्हीसाठी ती काढून स्विच वर केला होता. बाबा मोटरपाशी होते, हात अजून तारेला लागायचा होता. त्यांनी मला मारलं नाही. येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले, चेहरा पांढरा पडलेला, आणि कारखान्यातल्या त्यांच्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. कोणीतरी, काम झालं असेल असं समजून, त्याची झेंडी काढली होती. त्याचा उजवा पाय गेला. त्यानंतर आमच्या घरात झेंडीला कोणी बोट लावलेलं नाही.

तर कार्ड अर्धं खाचेत बसवलं होतं, तेवढ्यात बाबांनी पॉवर सप्लायचा डबा वाकून वाकून पाहिला. अख्ख्या कॉम्प्युटरला वीज पुरवतो तो हा डबा.

"हा किती वर्षाचा आहे?"

"नऊ. पण चालते बाबा, हिशोब केला मी. दोन्ही कार्डं खेचते हा."

"नाही खेचत. डब्यावर लिहिलेला भार नव्या डब्याचा असते. म्हाताऱ्या डब्यात कमी भरा लागते. नाहीतर मधातच बंद पडते तो."

मी घामाने चिंब झाले होते. सकाळपासून त्यांच्या सूचना ऐकत होते, स्क्रू असा नाही तसा, तार अशी नाही तशी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, हे मालगाडीचे डबे नाहीत! तुमाले काय कळते यातलं?"

बाबांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर त्याच्या ओळीत, त्याच्या जागी ठेवला. हात धुतले. शर्ट घातला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि अभनपूरला आत्याकडे निघून गेले. तेही बसने. रेल्वेचा माणूस बसने गेला, यावरूनच काय ते समजा.

झेंडी तशीच राहिली.

आता आमच्या पुढच्या खोलीच्या त्या एका स्विचवर कॉम्प्युटर होता, टीव्ही होता आणि कूलरही होता. रायपूरचा मे आणि कूलर बंद. पहिल्या दिवशी मी आईला म्हटलं, "काढ ना ती झेंडी."

"मी काहून काढू? तुया बापाची आहे. त्यायले बोलली तू, आता तूच काढ."

मी स्विचपाशी गेले. हात वर केला आणि खाली घेतला. मी एकतीस वर्षांची बाई, बिनधास्त म्हणून मोहल्ल्यात नाव, आणि एका पोलक्याच्या चिंधीला घाबरले. घाबरले म्हणजे काय, बाबांचा तो पांढरा चेहरा आठवला.

म्हणून आम्ही दोघी ओल्या चादरी अंगावर घेऊन पडून राहिलो. आईच्या मालिका बुडाल्या. माझं काम लॅपटॉपवर रडतखडत चाललं. शेजारची दीदी डोकावून म्हणाली, "अरे, हटा क्यों नहीं देते?" आई तिच्यावरच उसळली, "आपके घर का है क्या?" बिचारी परत फिरकली नाही.

मी बाबांना फोन करायला रोज मोबाईल उचलायची आणि ठेवायची. काय बोलणार? ते माझं चुकलं असं मानायला मी अजून तयार नव्हते. वाईट मात्र फार वाटत होतं. तेहतीस वर्षं ज्या माणसानं ओझ्याचा अंदाज घेतला, त्याला मी ओझ्याबद्दल काही कळत नाही म्हटलं होतं. जेवताना चुकून त्यांचंही ताट मांडायची.

पाचव्या दिवशी पॉवर सप्लायचा तो डबा तेवढा काढला, वीज बंदच होती, आणि कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. मनात होतं, तिथल्या भैयाकडून वदवून घ्यायचं की हा चालतो, मग फोन करायचा. भैयानं डबा हातात घेऊन फिरवला.

"कितने साल का है?"

"नौ."

"और दो कार्ड लगाओगे? नहीं दीदी. इस पर जो लिखा है ना, वो इसकी जवानी का है."

मला आधी हसू आलं आणि मग दुकानातच डोळे भरले. भैया घाबरला, त्याला वाटलं डबा महागाचा होता. मी नवा घेतला आणि बाहेर येऊन स्कूटीवर बसल्याबसल्या फोन लावला.

"बाबा, नवा पॉवर सप्लाय आणला. तुमचं बरोबर होतं."

पलीकडे आधी ताट-वाटीचा आवाज आला. मग, "हव. मग लाव."

"झेंडी आहे ना."

"काढ न मग. मी सांगून राहिलो."

"मी नाही काढणार. ज्यानं लावली त्यानंच काढायची."

"तुया मायले सांग."

"ती पण नाही काढून राहिली. पाच दिवस झाले, कूलर बंद आहे."

"काय?" बाबा ओरडलेच. "कूलर त्याच स्विचवर आहे, नाही का! अन् तुमी दोघी अशाच बसून आहा? काहून सांगतलं नाही मले?"

आत्यानं नंतर सांगितलं, भाताचा घास हातात होता, तो तसाच ताटात टाकून उठले.

चार वाजता घामाघूम होऊन दारात उभे राहिले, हातात आत्यानं दिलेली कैऱ्यांची पिशवी. आई पाहून म्हणाली, "आले! उद्या पौर्णिमा आहे, खीर कोणासाठी करू म्हणून राहिली होती मी." डोळे पुसायला आत गेली आणि आतून म्हणाली की घाम आहे.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चादरीवर बसले, नव्या डब्यावरचा मजकूर चष्मा लावून पूर्ण वाचला, डबा बसवला, कार्ड खाचेत दाबलं, कट असा आवाज आला. वाटीतला शेवटचा स्क्रू लागला. आतून दोनदा हात फिरवून पाहिला, कोणतं हत्यार आत राहिलं नाही ना. मग उठले, झेंडी काढली, तिची घडी केली आणि स्विच वर केला.

आधी कूलर गरजला. आईनं त्याच्यासमोर जाऊन डोळे मिटले.

दोन मशीनची जुळवाजुळव करायला मला आणखी तासभर लागला. मग शेजारी शेजारी दोन पडदे उजळले. माझ्या पडद्यावर किल्ला आणि राक्षस, त्यांच्या पडद्यावर मालगाडी. बाबा केस विंचरून आले होते. त्यांनी इंजिन सुरू केलं नाही. गेममध्ये इंजिनातून खाली उतरता येतं, तसे ते उतरले आणि रुळाच्या कडेने चालू लागले. एकेका डब्यापाशी थांबत, चाकं बघत, जोड बघत. चाळीस डबे होते. पार शेवटच्या डब्यापर्यंत गेले आणि दुसऱ्या बाजूने परत आले. माझा राक्षस मला मारून गेला, मला कळलंही नाही.

ते इंजिनात चढले. सिग्नल हिरवा झाला होता.

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

त्यांची नजर सिग्नलवरच होती. "झेंडी लावलेली होती ना," ते म्हणाले. "झेंडी असली का कोणाले लागत नाही."

लागलं होतं. मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला टेकवली.

"आता सांग," बाबा म्हणाले, "ब्रेक सोडाचं बटन कोणतं? मले यातलं काही कळत नाही."

मी त्यांचं बोट धरून त्या बटनावर ठेवलं.