मरळ आणायला सानगडीला

जवाहरनगरच्या क्वार्टरमधून मी एकटीच निघाले, तीही मरळ आणायला. ह्यांचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. डॉक्टरांनी सगळं खायला सांगितलं, पण हे दोन घास खाऊन ताट सरकवत. एकदाच म्हणाले, "आपल्या सानगडीची मरळ असती तर जेवलो असतो." बाजारात दोनदा जाऊन आले, मरळ नव्हती. शेवटी सानगडीला नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "ये तू. डोमाजीमामा नेतील बोडीवर (लहान तळ्यावर)."

भंडारा, साकोली, मग सानगडीची एसटी. गाव आलं तेव्हा दाराशी माणसं दाटली होती. 'मले उतराचं हाये' एवढंच म्हणायचं होतं. ते मी मनात दोनदा म्हटलं. गाडी निघाली. पुढच्या थांब्यावर उतरून धानाच्या बांध्यांच्या कडेने मागे चालत आले. नणंदेला सांगितलं, जरा पाय मोकळे केले.

डोमाजीमामांनी सत्तरी ओलांडलेली, जन्म मासे धरण्यात गेलेला. बोडीच्या पाळीवरून (बांधावरून) चालताना ते काही बोलेनात. मला वाटलं, हेही माझ्यासारखेच लाजाळू. तसं नव्हतं. बुडबुडे कुठे येतात, बगळा कुठे उभा आहे, ते पाहत होते. एका जागी थांबून त्यांनी गरीला (गळाला) गांडूळ लावलं आणि काठी माझ्या हातात दिली.

"मामा, तुम्हीच धरा ना."

"तुह्या घरचा सैपाक मी करतो का?"

मी जोरात गरी फेकली. ती माझ्याच पदरात मागे रुतली. मामा तोवर पलीकडे गेले होते. हाक मारायची लाज वाटली, म्हणून काठी पाण्यावर धरून तशीच अर्धा तास बसले. मामा परत आले.

"बसणं जमते तुले. नवे लोकं लय चुळबुळ करतेत."

मग ते पाण्यात दोरी शोधू लागले. सापडेना. त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिलं.

"काहून माय, लुगडं धराले आली का?"

गरी सोडवताना मात्र त्यांनी पदराचा एक धागा तुटू दिला नाही.

पुढे कमळाच्या पानांपाशी पाणी लालसर हललं. बारीक पिल्लांचा घोळका होता. "खाली मरळीचं जोडपं हाये, राखण करून राहिलं," मामा हळू म्हणाले. मी लगेच काठी उचलली. त्यांनी हात आडवा केला.

"इथं नाही."

"गरी टाकली तर धरन ना?"

"धरन. पिल्लांसाठी अंगावर येते ते. मंग पिल्लायले कोण पाहीन?"

माझ्या तोंडून एकदम निघालं, "घरी हे पंधरा दिवसापासून जेवून नाही राहिले, मामा. मी खाली हातानं नाही जाणार." आवाज एवढा मोठा की बगळा उडाला. मीही दचकले.

मामा रागावले नाहीत. "असं सांगाव ना. मले वाटलं, फिराले आली."

ते मला पार पलीकडच्या कोपऱ्यात घेऊन गेले. चिखलात माझी एक चप्पल गेली. बसायची जागा त्यांनी तीनदा बदलायला लावली. "मागं सर. सावली पाण्यात पडून राहिली तुही." ऊन कलल्यावर दोरी ताणली. मी घाईने काठी त्यांच्यापुढे केली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"वढ."

मी ओढली आणि चिखलात बसकण मारली. मरळ थेट मांडीवर येऊन पडली. दोघीही घाबरलो, मी जरा जास्त.

परतीच्या एसटीत पाणी भरलेल्या डब्यात ती धडका देत होती. लोक माझ्याकडे पाहत होते आणि मी खिडकीबाहेर.

दुसऱ्या दिवशी रस्सा केला. हे भात मागून घेऊन जेवले, काटेसुद्धा चोखले. मग विचारलं, "कोणं धरली?"

"डोमाजीमामानं."

मासा लागल्यावर मामांनी काठीला बोटही लावलं नव्हतं. तरी मी खोटं बोलले असं मला अजून वाटत नाही.