शाहीनचं तिसरं बटण

शाहीन गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला अस्तराचे तागे दाखवत होते. औंढ्यात, नागनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं मॅचिंग सेंटर आहे. अम्मींचा फोन आला. अम्मी म्हणजे शाहीनची आई. त्यांचा फोन आला की आधी "वंदना बेटा, जेवली का?" हे येतं आणि मग बाकीचं. त्या दिवशी ते आलंच नाही. "शाहीन गई बेटा," एवढंच म्हणाल्या. मी फोन तसाच कानाला लावून बसले. गिऱ्हाईक बिचारं स्वतःच तागे गुंडाळून ठेवून निघून गेलं.

संध्याकाळी आमचे हे कब्रस्तानातून परत आले. हातपाय धुतले, चहा घेतला आणि जरा वेळानं चाचरत म्हणाले, "मिट्टी देऊन येताना दोन पोरं भांडून राहिली होती." मी म्हटलं, अशा वेळी? कशावरून? तर म्हणे शाहीनच्या गेमवरून. कॅनॉलचं पाणी शेजाऱ्याला सोडलं तर पुढं बरं होतं, का अडवलं तर? इमामसाहेबांनी दोघांना दटावलं, जागा बघा, वेळ बघा म्हणाले. आणि फाटकाबाहेर आल्यावर हळूच सांगितलं, "पाणी सोडायलाच पाहिजे. मी सोडलं होतं." सकाळपासून माझ्या डोळ्याला खळ नव्हता, पण हे ऐकून मला असं हसू फुटलं की आमच्या ह्यांना वाटलं बायकोचं डोकं फिरलं. शाहीन, बाई, जिंकलीस गं तू! औंढ्याच्या इमामांपर्यंत पोचलीस!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शाहीन व्हिडिओ गेम बनवायची. नुसते खेळायची नाही, बनवायची. तिचा 'उंबरा' हा गेम आपल्या हिंगोलीच्या बोलीतला आहे. त्यात बंदूक नाही, गाडी नाही, राक्षस नाही. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरचं एक गाव, त्यातलं एक घर, आणि खेळणारा माणूस त्या घरातली कर्ती बाई. तुम्ही उंबऱ्यात बसायचं. एकेक माणूस दारात येतं आणि काहीतरी विचारतं. तुम्ही जे उत्तर द्याल तसं ते घर पुढं जातं. एका घरातून निघून भलत्याच ठिकाणी पोचणाऱ्या इतक्या वाटा तिनं त्यात घातल्या होत्या, की माझा आणि तुमचा गेम सारखा निघाला तर तो निव्वळ योगायोग समजावा.

ही खोड तिला लहानपणापासून. आम्ही एका वर्गातल्या. एकदा आमच्या अंगणात बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं. गूळ-शेंगदाण्याचं जेवण तयार, वरात दारात, आणि शाहीननं नवरी मांडीवर घेऊन जाहीर केलं, "ही न्हाई म्हणून राहिली." आम्ही सगळ्या हादरलो. मी ओरडले, "बाहुली कुठं बोलती का?" तर म्हणते कशी, "तुमी कोणी विचारलंच न्हाई तिला." वरात माघारी गेली. मुलाकडच्या पोरी रडल्या, शेंगदाणे मात्र सगळ्यांनी खाल्ले. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. लग्न मोडलं म्हणून नाही हो, मी वरमाय होते आणि माझा मान गेला म्हणून!

पुढं ती पुण्याला शिकली, तिथंच एका कंपनीत गेम बनवायच्या कामाला लागली, आणि चांगलं चाललेलं असताना हृदयाच्या दुखण्यानं तिला घरी आणलं. जिना चढली की धाप लागायची. गल्ली हळहळली, की एवढी हुशार पोरगी आणि हे काय नशिबी आलं. शाहीनला हळहळ आवडायची नाही. अम्मी शिवणकाम करतात, त्यांचा शिलाईचा खडू घेऊन तिनं मांजरपाटाच्या एका मोठ्या तुकड्यावर रेघा ओढायला सुरुवात केली. मी ब्लाऊजपीस द्यायला गेले की बघायचे. एका रेघेच्या दोन व्हायच्या, दोनाच्या चार, काही पुन्हा एकमेकींना येऊन मिळायच्या. मी विचारलं, "हे काय कटिंग आहे?" तर म्हणाली, "माणसाचं." तिला असं बोलायची फार हौस. मग नीट सांगितलं की कर्त्या बाईनं हो म्हटलं तर ही वाट, नाही म्हटलं तर ती, आणि दोन्हीकडं शेवटपर्यंत खरंखुरं काहीतरी घडायला पाहिजे.

पहिली चाचणी आमच्या घरी झाली, आणि सपशेल आपटली. पुण्यात राहून बाईसाहेब विसरल्या होत्या की आमच्याकडं एकटं कोणी काही करत नसतं. तिनं उत्तराला थोडे सेकंद दिलेले. तिकडं गेममध्ये घड्याळ टिकटिक करतंय आणि इकडं आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोबाईल हातात धरून शेजारच्या दोघींना बोलवायला निघाल्या. "थांब की गं, इचारून येते. कॅनॉलच्या पाण्याची गोष्ट हाय." येईपर्यंत गेम संपलेला. शाहीननं हसत घड्याळ काढून टाकलं. मग गेममधली मुलगी दारात आली. गोदा तिचं नाव, घरातली थोरली लेक. म्हणाली, आई, मला शिकायला नांदेडला जायचंय, जाऊ? खाली दोन बटणं, 'जा' आणि 'नाही'. आत्याबाई बघत बसल्या. बोट 'जा'वर नेलं, मागं घेतलं. 'नाही'वर नेलं, मागं घेतलं. शेवटी वैतागून शाहीनला म्हणाल्या, "पोरी, काहून एवढी घाई करून राहिली? असं तोंडावर हो-न्हाई कोणी सांगतं का? म्हणावं, बघू!"

शाहीन एकदम उभी राहिली. धाप लागली तशी पुन्हा बसली, पण तिचा चेहरा काय सांगू... लॉटरी लागल्यासारखा झाला होता. "वंदे," माझा हात गच्च धरून म्हणाली, "आमी सगळे गेमवाले येडे. माणूस हो म्हणतं का न्हाई, हेच इचारत बसलो. आपल्याकडं दोन्ही म्हणतच न्हाईत की!"

असं ते तिसरं बटण आलं. प्रत्येक प्रश्नाला होकार, नकार आणि बघू. आणि तिनं 'बघू' फुकटात ठेवलं नाही. 'बघू' म्हटलं की गोदा "बरं" म्हणून आत जाते. पुन्हा कधीतरी येऊन विचारते. तुम्ही पुन्हा 'बघू' म्हणता. असं होता होता एक दिवस ती विचारायचंच सोडते. दारात येते, बसते, भाजी निवडते, बोलत काहीच नाही. मग कोणीतरी मामा तिचं लग्न ठरवून मोकळा होतो, तुम्हाला न विचारता. आत्याबाईंच्या गेममध्ये हेच झालं तेव्हा त्या भडकल्या. "मी कुठं न्हाई म्हणले तिला?" शाहीन शांतपणे म्हणाली, "न्हाई म्हणला न्हाईत, आत्याबाई. पण जा बी म्हणला न्हाईत." आत्याबाईंनी मोबाईल माझ्या मांडीवर टाकला आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच म्हणाल्या, "आण तो मोबाईल. पयल्यापासून लाव."

पुण्यातल्या एका कंपनीला गेम आवडला. त्यांचे साहेब व्हिडिओवर बोलायचे, माणूस गोड होता. सगळं छान आहे म्हणाले, फक्त ते 'बघू' काढा, त्यानं गोष्टीचे फार फाटे होतात, खर्च वाढतो. आणि खेळणाऱ्याला निवडू द्या हवं ते, पण शेवट एकच ठेवा, गोड. गोदा शिकते, परत येते, सगळे आनंदात. खेळणाऱ्याला कळतसुद्धा नाही की वाटा एकाच ठिकाणी जाताहेत. मी शेजारीच बसलेले होते. खरं सांगते, मला वाटलं, म्हण गं हो. तुझं नाव होईल, अम्मींना बरं वाटेल. शाहीन म्हणाली, "सर, इचारायचं आणि ऐकायचं न्हाई, हे तर आमच्या घराघरात रोजच होऊन राहिलं. त्याच्यासाठी गेम कशाला पाहिजे?" साहेब हसले, पण हटले नाहीत. शाहीनही हटली नाही. तिनं गेम मागं घेतला. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आता आपणच करू. तू बोलतीस लई, आवाज तुझा घेऊ."

पण तिच्याजवळ वेळ किती, हाच प्रश्न होता. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. झालं तर चांगले दिवस मिळतील, नाही तर टेबलावरच... घरात सगळे 'बघू, बघू' करायला लागले. मामू म्हणाले बघू, खाला म्हणाल्या बघू, अम्मी तर नुसते तसबीहचे मणी फिरवत राहिल्या. शाहीन डॉक्टरांसमोर बसली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दोन्ही वाटा शेवटपर्यंत सांगा. काही लपवू नका." त्यांनी सांगितलं. तिनं तिथंच सांगितलं, "करू." मी बाहेर बाकावर बसून रडत होते, ती बाहेर येऊन म्हणते, "चल, भूक लागली."

ऑपरेशन झालं आणि छान झालं. मिळालेले सगळे दिवस तिनं 'उंबऱ्या'ला दिले. तिच्या खोलीत गोधड्या टांगून आम्ही आवाज भरले. शेजारीण मी, सासू मी, भांडखोर जाऊ मी, आणि म्हशीसुद्धा मीच. फक्त गोदाचा आवाज तिनं स्वतःकडं ठेवला. 'जा' म्हटल्यावर गोदा "खरंच?" म्हणून जे हसते ना, ते भरताना शाहीनला खरोखरच हसू आवरेना, दम लागला, श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. मी म्हटलं पुन्हा घे. "न्हाई," म्हणाली, "खुशीत माणूस असंच धापा टाकतं. ऱ्हाऊ दे."

गेम आला आणि बघता बघता पसरला. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर ट्रकवाले पाण्याच्या पाळीवरून वाद घालताहेत, असं कोणी कोणी सांगायला लागलं. माझ्या दुकानात बायका आधी गोदाची चौकशी करायच्या आणि मग फॉल मागायच्या. "तुमची गोदा गेली का नांदेडला? आमची अजून घरीच हाय बाई." शाहीन दुकानात खुर्ची टाकून हे ऐकत बसायची. तिच्या डोळ्यांत असा काही तोरा असायचा! त्या साहेबांचाही फोन आला. म्हणाले, मी सगळे शेवट खेळलो, तुम्ही बरोबर होतात. शाहीन म्हणाली, "सर, सगळे न्हाई झाले तुमचे. अजून हायेत." फोन ठेवून माझ्या पाठीत धपाटा घातला तिनं. ते दिवस तिचे होते. शेवटी हृदय थकलंच, पण तिला जे करायचं होतं ते पूर्ण, एक फाटा न छाटता करून ती गेली. मला तिची आठवण येते, पण तिची कीव कधीच येत नाही.

एकाच माणसानं तो गेम कधी उघडला नव्हता. अम्मींनी. "हमको नहीं आता वो," म्हणायच्या. परवा तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उरलेली भांडी पोचवायला गेले तर अम्मी शाहीनच्या खोलीत, तिच्या पलंगावर बसलेल्या, हातात तिचा मोबाईल. पडद्यावर उंबरा, आणि दारात गोदा. "आई, जाऊ?" शाहीनचा आवाज खोलीत आला आणि मी दारातच थबकले. अम्मींनी 'बघू' दाबलं. "बरं," म्हणून ती आत गेली. काही वेळानं पुन्हा आली. "आई, जाऊ?" पुन्हा 'बघू'. पुन्हा "बरं"... माझ्या लक्षात आलं की 'बघू' म्हटलं की ती परत येते. अम्मींना तेवढंच पाहिजे होतं. ती येत राहावी, विचारत राहावी.

मी जवळ जाऊन बसले. सांगायला जीभ रेटत नव्हती, पण सांगितलं, "अम्मी, असं किती वेळा म्हणाल? मग ती विचारायचंच बंद करते." अम्मींनी माझ्याकडं बघितलं. "मालूम है बेटा," म्हणाल्या. "हे तिनं लावलं ना, लई बराबर लावलं." गोदा पुन्हा दारात आली होती. या वेळी जरा थांबून, आवाज खाली घेऊन तिनं विचारलं, "आई... जाऊ मी?" अम्मींनी पदरानं पडदा पुसला. मग मान वर करून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "जा, बेटा," आणि बटण दाबलं.

"खरंच?" शाहीन म्हणाली, आणि धापा टाकत, पोटभर, खोली भरून हसत सुटली.