पश्चिमेच्या भिंतीवरचे दोन नमुने

“साहेब, ह्याच्यावर पावसाळाभर कायतरी टांगलेलं होतं,” परब म्हणाला. रंगाच्या चौकोनाच्या वर भिंतीत दोन भोकं होती. त्यातल्या एकात त्याने करंगळीचं टोक घातलं. “ही भोकं बघा. ह्या रंगाला पाणीच लागलेलं नाय.”

वागळेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “प्रधान, काही होतं का इथे?”

त्या दिवशी मी या प्रश्नाचं जे उत्तर दिलं ते खोटं होतं. खरं उत्तर आज लिहितो आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावातल्या एका ट्रस्टच्या चार इमारतींचा मी ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे गळती, नळ, डागडुजी, रंग हे सगळं बघणारा माणूस. नोकरी नवी होती, अजून कायम झाली नव्हती. वागळेसाहेब ट्रस्टचे सेक्रेटरी. ते फोर्टातल्या ऑफिसात बसत आणि इमारतींकडे क्वचित फिरकत.

आमच्या इमारतींच्या पश्चिमेच्या भिंती चौपाटीच्या बाजूला होत्या. तिथे पाऊस वरून पडत नाही, समोरून मारतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ गिलाव्यात शिरतं आणि भिंत सुकताना बाहेर येऊ बघतं. येताना रंगाला ढकलतं. मग पोपडे सुटतात. दिवाळीत सगळेच पेंटर चांगले वाटतात. खरा कोण ते पुढच्या श्रावणात कळतं, आणि तोवर पेंटर दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीवर असतो.

म्हणून मी साहेबांना एक युक्ती सुचवली. दोन पेंटरांनी उन्हाळ्यात याच भिंतीवर शेजारी शेजारी दाराएवढा चौकोन रंगवायचा. मध्ये एक पावसाळा जाऊ द्यायचा. ज्याचा चौकोन टिकेल त्याला चारही इमारती. साहेबांना ते पटलं.

एक होते शिरोडकर, दादरचे कंत्राटदार. हाताखाली माणसं, खिशात छापील कार्ड. दुसरा बाबल परब, लालबागचा. तो आयुष्यभर दुसऱ्यांच्याच कामावर राबलेला. “चार इमारती गावल्या तर स्वतःची परांची घेईन, प्रधानसाहेब,” तो मला म्हणाला होता. परांची म्हणजे रंगाऱ्यांनी चढायला बांधलेले बांबू. “बांबू माझे, माणसं माझी. कोणाच्या परांचीवर चढायला नको.”

रंग सिमेंट पेंटचा होता. ही पावडर पाण्यात कालवून लावतात. लावल्यावर काही दिवस भिंतीवर पाणी मारावं लागतं, नाहीतर तो नीट धरत नाही. परब काम सुटलं की लालबागहून येऊन पाणी मारून जाई. शिरोडकरांचा माणूस एकदा आला, पुन्हा दिसला नाही. मी दोन्ही पाहिलं आणि बोललो नाही. निकाल भिंत लावणार होती.

पावसाच्या तोंडावर पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू आप्पा लेले माझ्याकडे आले. चळवळीच्या सभांच्या बातम्या चिकटवायला त्यांनी पत्र्याचा मोठा फलक करून घेतला होता. साहेबांचा सक्त हुकूम होता, इमारतीवर फलक लागता कामा नये. ज्याचा निघेल त्याला खोली सोडायची नोटीस.

“कोपऱ्यावर लावतो,” आप्पा म्हणाले. “ट्राममधून दिसला पाहिजे. तुम्ही फक्त पाहू नका.”

“मी कुठे काय पाहतोय?”

“वा! ओव्हरसियर असावा तर असा. ठार आंधळा!”

आम्ही दोघेही हसलो. मीही सभांना जात होतो, माझंही मन त्यातच होतं. कोपऱ्यावर शिरोडकरांचा चौकोन होता. फलक बरोबर त्याच्यावर बसला. विश्वास ठेवा अगर ठेवू नका, नमुन्याची मला आठवणच झाली नाही. मी रोज तिथे थांबायचो आणि फलक वाचायचो.

पाऊस संपला. साहेब येणार असा निरोप आला आणि मी आप्पांना फलक उतरवायला लावला. खाली शिरोडकरांचा रंग नवाकोरा होता. तो पाहिला तेव्हा कुठे मला नमुन्यांची आठवण झाली. शेजारी परबचा चौकोन सगळा पावसाळा अंगावर घेऊन उभा होता. रंग फिकटला होता, खालच्या कडेला शेवाळ धरलं होतं. मी त्याच्यावर तळवा घासला. हाताला काही लागलं नाही. पोपडा एकही नव्हता. त्या भिंतीवर इतका टिकलेला रंग मी तोवर पाहिला नव्हता.

साहेबांना सांगायचं की नमुने पुन्हा घ्यावे लागतील, असं मी ठरवलं. पण का, ते काय सांगणार? फलकाचं नाव काढलं की आप्पांची खोली जाणार, आणि बहुतेक माझी नोकरीही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. शिरोडकर आलेच नव्हते, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. परब मात्र आला, आणि त्याने भोकं दाखवली.

“प्रधान, मी विचारलं काहीतरी.”

वर गॅलरीत आप्पा आणि बाकीचे भाडेकरू कठड्याला टेकून उभे होते. सगळ्यांना माहीत होतं.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “भोकं जुनी आहेत.”

“प्रधानसाहेब, तुमी रोज हितून येता-जाता!”

“हरलास तर हरलो म्हणावं, परब,” साहेब म्हणाले. “दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवू नकोस. खोटं बोलणारा माणूस मला माझ्या बिल्डिंगवर नको.”

“खोटं?” परबने वर पाहिलं. “ओ आप्पा, तुमी तरी बोला की!”

आप्पांनी धोतराचा सोगा सारखा केला आणि ते आत गेले.

संध्याकाळी त्यांच्या घरून माझ्यासाठी कांदेपोहे आले. “बिल्डिंग राखलीत, प्रधान,” आप्पा म्हणाले. मी पोहे खाल्ले.

चारही इमारती शिरोडकरांनी रंगवल्या. दिवाळीत त्या झकास दिसल्या. पुढच्या गोपाळकाल्यापर्यंत पश्चिमेच्या भिंतींचे तळहाताएवढे पोपडे खाली पडायला लागले होते.

“नमुना तर टिकला होता,” साहेब म्हणाले.

“यंदा वारा फार होता, साहेब.”

“त्या परबला विचार, येतो का.”

परब परळला दुसऱ्या कोणाच्यातरी परांचीवर होता. मी खालून हाक मारली. तो उतरला नाही.

“येईन की,” तो वरून म्हणाला. “आदी सायबाला सांगा, फलक होता म्हणून. तुमच्या आप्पाच्या पोरानंच सांगितलान माका.”

“अरे, त्यांची खोली जाईल. आणि ते काही चोरीचं काम नव्हतं. आपल्याच चळवळीचं होतं.”

“सभेला मी पण जातो, प्रधानसाहेब.” त्याचा ब्रश चालूच होता. “मी खोटारडा ठरलो, तां कुठल्या चळवळीत बसता?”

मी परत आलो आणि परबला सवड नाही असं साहेबांना सांगितलं.

पुढे राज्य झालं. फलकाची भीती कुणालाच उरली नाही. आप्पा तर लग्नाकार्यात ती गोष्ट रंगवून सांगत, प्रधान कसा आंधळा झाला म्हणून. लोक हसत, मीही हसत असे. तेव्हा नोकरी कायम झालेली होती आणि कोणाची खोली जाणार नव्हती. साहेबांकडे जाऊन एक वाक्य बोलायला काही अडचण नव्हती. तरी मी गेलो नाही. परब खोटारडा आणि भांडखोर आहे असं साहेबांनी गिरगावातल्या आणखी दोन-तीन मालकांना सांगितलं होतं, हेही मला ठाऊक होतं. परबला गिरगावात काम मिळालं नाही. स्वतःची परांची त्याने शेवटपर्यंत घेतली नाही.

आता साहेब नाहीत, आप्पा नाहीत, परबही नाही. फलक होता. मी तो रोज पाहत होतो. परब खरं बोलला होता.

समुद्राजवळ घर असलेल्यांनी पेंटर निवडताना त्याचा नमुना एक पावसाळा उघड्यावर ठेवावा आणि मग कोरड्या तळव्याने घासून बघावा. ही पद्धत चांगली आहे, मी आजही तीच सांगेन. फक्त नमुन्यावर लक्ष ठेवायला जो माणूस नेमाल, त्याचं त्या भिंतीशी दुसरं कुठलंही काम नसावं, ते काम कितीही चांगलं असलं तरी.