सतरा नंबरचं डुक्कर

बाईंविषयी लिहायला बसलो खरा, पण मला त्यांच्याविषयी ठाऊक तरी काय? अकरा वर्षं एका टेबलावर डबा खाल्ला. त्यांना भावंडं किती, हेही मला सांगता येणार नाही.

डुकरांच्या खाद्यावर प्रयोग करणाऱ्या केंद्रात आम्ही कामाला होतो. मी खाद्य कालवायचो. काही डुकरांच्या खाद्यात आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लाची पांढरी पूड पडे, काहींच्या नाही. कोणाला पडते, ते मला ठाऊक असायचं. पुढे त्यांच्या मांसाचा गोठवलेला तुकडा बाईंकडे जाई. त्या त्याचे कागदाहून पातळ काप काढून काचेवर ठेवत, रंग चढवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू मोजत. संथ, दमदार तंतू गडद दिसत. चपळ पण लवकर थकणारे फिके. पुडीने गडद तंतू वाढतात का, एवढंच बघायचं होतं. मोजणाऱ्याला खाद्य कळता कामा नये, असा नियम. म्हणून आमच्या टेबलावर डुक्कर हा विषयच बंद.

"म्हणजे आपण कामाचं सोडून सगळं बोलायचं," बाई म्हणायच्या. "इथले बाकीचेही तेच करतात म्हणा."

नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. त्यातच सतरा नंबरच्या डुकराचे गडद तंतू त्यांच्या मोजणीत फार आले. साहेब म्हणाले, डोळा दगा देतोय, ही सगळी मोजणीच रद्द करू.

त्या दुपारी बाईंनी डबा उघडलाच नाही.

"सतरा नंबर..." म्हणाल्या आणि थांबल्या. "नाही. तुम्ही बोलू नका. मानही हलवू नका."

सतराला पूड मीच घालत होतो. एका शब्दात त्यांचा घोर मिटला असता. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

बाईंनी दोन आठवडे मागून घेतले आणि सगळ्या काचा डाव्या डोळ्याने पुन्हा मोजल्या. आकडे जवळजवळ तेच. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी खाद्याची यादी उघडली. सतरा नंबर पूडवाल्यांत निघाला, आणि बाकीच्या पूडवाल्यांतही गडद तंतू जास्तच होते. साहेबांनी मोजणी ठेवली.

बाई पहिल्यांदाच माझ्या खाद्याच्या खोलीत आल्या.

"ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि समोर बसून मुकाट जेवत होतात!"

"तुम्हीच म्हणालात ना..."

"म्हणाले होते. बरं केलंत." त्या हसल्या. "चेहरा मात्र असा केला होतात, जसा काही मोतीबिंदू तुम्हालाच झालाय."

आता डुकरांवर बोलायला कोणाची आडकाठी नव्हती. अकरा वर्षांचं साचलं होतं. मी पिठाचे हात पुसत उभा राहिलो.

दारातून त्या वळल्या. "सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला का हो मी?"

"केला असेल."

"असेल नको. बघून सांगा."

मी जाऊन बघून आलो.

"बंद आहे."

"बरं. मग येते."