त्यांनी आवरलेला राग

माझ्या नवऱ्याचा राग मी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पाहिला. अमरावतीत राजापेठेत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. मी शाळेत शिकवत होते, ते आयटीआयमध्ये मुलांना फिटरचं काम शिकवायचे. त्या दिवशी घरमालकाने कूलरमध्ये पाणी भरायला मनाई केली. शब्दाला शब्द वाढला आणि ह्यांनी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर दाबलं. त्याची म्हातारी आई दारात गहू निवडत बसली होती. सूप टाकून ती उठली आणि ह्यांच्या हाताला धरून रडायला लागली. तेव्हा कुठे हात सुटला.

ते आत आले आणि खाटेवर बसून राहिले. मी घाबरले होते, पण माझ्याहून जास्त ते घाबरलेले दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी अंघोळ केली आणि वर जाऊन त्या म्हातारीच्या देखत घरमालकाची माफी मागितली. परत आल्यावर मला म्हणाले, "हा राग माझ्या बापाचा आहे. मी तो पुढे जाऊ देणार नाही."

सासऱ्यांना मी पाहिलं नव्हतं. ते अकोल्याचे, चर्चच्या मंडळीत मान असलेले, शास्त्र तोंडपाठ असलेले गृहस्थ. घरात रोज सकाळी कुटुंबाची प्रार्थना व्हायची आणि संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर पट्टा. माझ्या नवऱ्याच्या मनात त्या दोन गोष्टींची गाठच बसली होती. गुडघे टेकून प्रार्थना करतानाही त्यांची पाठ ताठ असायची, मार येईल अशी.

लोक म्हणायचे, तुमचे मिस्टर किती शांत आहेत. मला हसू यायचं. ते शांत नव्हते. त्यांचे कान आधी लाल व्हायचे, मग ते बोलायचं थांबायचे, अंगणातल्या पायरीवर जाऊन बसायचे आणि ओठ हलायला लागायचे. प्रभूशी काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. परत यायचे तेव्हा आवाज खाली आलेला असायचा. हे आयुष्यभर चाललं. एकदा आमची मुलगी कॉलेजातून फार उशिरा घरी आली आणि खोटं बोलली. ते चप्पल घालून बाहेर पडले, शहराच्या जुन्या तटापर्यंत, परकोटापर्यंत चालत गेले आणि परत येऊन तिला एवढंच विचारलं, "जेवलीस का?" मुलगी आजही म्हणते की त्यापेक्षा एक थोबाडीत सोपी गेली असती.

मंडळीतल्या लहान मुलांची रविवारची शाळा त्यांच्याकडे होती. ज्याला आपलं मन आवरता येत नाही तो तट पडलेल्या शहरासारखा, अशा अर्थाचं शास्त्रवचन त्यांना फार जवळचं. मुलांना ते परकोटाजवळ घेऊन जायचे, जुन्या भिंतीच्या दगडांवर हात ठेवायला लावायचे आणि सांगायचे की हा तट एका दिवसात बांधलेला नाही, आणि राखायचाही रोज लागतो. शील म्हणजे काय, असं एका मुलीने विचारलं तेव्हा म्हणाले, कोणी बघत नसताना तू जी असतेस ते.

निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली. मग ते वस्तू विसरायला लागले, मग रस्ते. त्याचं मला एवढं वाटलं नाही, वय झालं की होतंच. पण एका सकाळी शेवंतीची फुलं घ्यायला आम्ही बाजारात गेलो होतो. फुलवाल्या बाईने पुडी बांधायला जरा वेळ लावला, तर ह्यांनी तिला अशी शिवी दिली की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ही बाई आम्हाला वर्षानुवर्षं ओळखत होती. तिने पुडी माझ्या हातात दिली आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाली, "बाबूजीले बरं नाई वाटून राहिलं का?"

मुलगी लग्नानंतर अकोल्याला असते, तिने त्यांना तिथे नेऊन डॉक्टरांना दाखवलं. ती माझ्या शेजारी बसून मला समजावत होती की मेंदूचा पुढचा भाग झिजत चालला आहे, माणसाला आवरून धरणारा तोच भाग असतो, आणि गेलेलं परत येत नाही. मी मान हलवत होते. मनात एकच चाललं होतं, की देवा, पाय न्यायचे होतेस, डोळे न्यायचे होतेस. त्यांनी जे इतक्या कष्टाने कमावलं तेच कसं नेलंस?

तरी मी त्यांना उपासनेला नेत राहिले. गीतं त्यांना अजून पाठ होती, गाताना चेहरा निवळायचा. एका रविवारी पाळकसाहेब प्रार्थना करत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले. हे उठून उभे राहिले आणि मोठ्याने घाण घाण बोलायला लागले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही, कदाचित आपल्या बापालाच असेल. मी त्यांना दंड धरून बाहेर आणलं. फाटकापाशी आमच्याच मंडळीतल्या एक बाई मागून आल्या. त्यांची मुलं ह्यांच्या हाताखाली शिकलेली. मला वाटलं मदतीला आल्या. त्या हळूच म्हणाल्या, "पोटात असतं तेच शेवटी ओठावर येतं, ताई. प्रार्थना करा त्यांच्यासाठी."

माझ्या अंगाची आग झाली. मला त्यांना ओरडून सांगायचं होतं की हो, पोटात होतं, जन्मभर होतं, आणि तुमच्या मुलांना त्याचा एक शिंतोडाही लागू दिला नाही या माणसाने. पण ह्यांचा हात माझ्या हातात होता आणि रिक्षा समोर उभी होती. मी ह्यांना रिक्षात बसवलं. ती गप्प राहण्याची शक्ती माझी नव्हती, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. त्यानंतर मी त्यांना उपासनेला नेलं नाही.

मग माझी पाळी आली. मी कोणाला तरी घरात घेते, असं त्यांच्या डोक्यात बसलं. गॅसवाला आला की ते दाराआड उभे राहून ऐकायचे. गच्चीवर जाऊन माझ्या नावाने ओरडायचे, माझ्या चारित्र्याबद्दल, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. शेजारी चांगले होते. ते खिडक्या लावून घ्यायचे. त्या खिडक्या लागण्याचा आवाज मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचा. आजारी माणसाचं बोलणं आहे हे मला कळत होतं. पण बोलणाऱ्याचा आवाज ओळखीचा होता. याच आवाजाने लग्नात वेदीसमोर माझा हात धरून वचन दिलं होतं.

एका दुपारी मी त्यांना वरणभात भरवत होते. त्यांनी घास माझ्या तोंडावर थुंकला आणि बाजारू बाईला म्हणतात तो शब्द मला म्हणाले. माझा हात वर गेला. खरंच गेला. आणि ते खुर्चीत आक्रसले, दोन्ही हात डोक्यावर घेतले, पाठ ताठ केली. लहानपणी अकोल्यात बोलत असतील त्या बोलीत म्हणाले, "मले मारू नको वं बाई. माही बायको कुठी गेली? तिले बोलाव."

हात तसाच खाली आला. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसले. स्वतःला वाचवायला ते मलाच बोलावत होते, आणि मी समोर असून त्यांना दिसत नव्हते. "येते ती, बाहेर गेलीय," मी म्हटलं. ते रडत होते, म्हणून मी त्यांचं तोंड पुसलं. माझं तोंड पुसायचं राहूनच गेलं.

त्यानंतर मुलीने आम्हाला अकोल्याला आपल्या घरी नेलं. तिच्या मुलीला, माझ्या नातीला, तेव्हा नुकतं कळायला लागलं होतं. आजोबांच्या खोलीवरून जाताना ती पळत जायची. एकदा त्यांनी तिची बाहुली भिंतीवर आपटली, त्यानंतर ती खोलीच्या बाजूला फिरकलीच नाही. मुलगी ऑफिसातून आली की आधी लेकीला जवळ घ्यायची आणि मग बापाचे कपडे बदलायला जायची. तिने एकदाही आवाज चढवला नाही. मी तिला म्हटलं, तुला राग नाही येत? ती म्हणाली, "येतो ना आई. पण बाबांनी मला दुसरं काही शिकवलंच नाही."

या हिवाळ्यात छातीत कफ साठून ते गेले. शेवटचे काही दिवस बोलणं बंद झालं होतं. मी कानाशी गीत म्हणायचे, तेव्हा ओठ हलल्यासारखे वाटायचे. ते गीत म्हणत होते की अजून कोणावर चिडत होते, मला सांगता येणार नाही.

दफनविधीला अमरावतीहून मंडळी आली. फाटकापाशी बोललेल्या त्या बाईही आल्या होत्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मनातून क्षमा झाली होती का? नव्हती. ती अजून चालू आहे. पाळकसाहेबांनी ह्यांच्या सौम्य स्वभावाबद्दल सांगितलं, आणि गेल्या काही वर्षांत ज्यांनी त्यांना पाहिलं होतं ते सगळे खाली बघत राहिले.

प्रत्येकाने मूठभर माती टाकली. नातीने टाकली नाही. ती आईच्या मागे उभी राहिली. घरी आल्यावर मी तिला मांडीवर घेतलं, आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. म्हातारीसमोर मागितलेली माफी सांगितली, मुलांना परकोटाची भिंत दाखवायचे ते सांगितलं, तुझी आई चुकली तेव्हा ते फक्त जेवलीस का म्हणाले, तेही सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, हे आजोबा मला का नाही भेटले?"

मी तिला आणखी जवळ ओढलं. आणि एक गोष्ट मी तिला सांगू शकले नाही, अजून कोणालाच सांगितलेली नाही. मी डोळे मिटते तेव्हा मलाही आधी गच्चीवरचा आवाज ऐकू येतो. इतकी वर्षं ज्या आवाजात त्यांनी मला हाक मारली, तो आठवावा लागतो, ओढून आणावा लागतो. सकाळच्या प्रार्थनेत हल्ली मी दुसरं काही मागत नाही. तो माणूस मला परत ऐकू येऊ दे, एवढंच म्हणते, आणि मग कान देऊन बसून राहते.