शून्य देवांची पाहुणी

नागपूरहून निघाले तेव्हा पिशवीत तीन वस्तू होत्या: आवाज टिपायचं यंत्र, तीन पानी संमतिपत्र आणि मी स्वतः लिहिलेल्या पत्रकाच्या दोनशे प्रती. पत्रकाचं नाव ‘ज्ञान कोणाच्या बापाचं?’

एम.ए.ला मी आफ्रिकेचा इतिहास, संस्कृती आणि तिथलं देशी ज्ञान हा विषय घेतला आहे. हे सांगितलं की आमच्याकडे दोन प्रश्न ठरलेले: नोकरी कुठं लागेल, आणि इथलं सगळं शिकून संपलं का. दोन्हींवर माझ्याकडे छापील उत्तर आहे. कागदावर नाही तो इतिहासच नाही, असं ज्यांनी ठरवलं त्यांनीच जगभरच्या माणसांचं तोंडी ज्ञान उचलून नेलं, आपल्या नावावर छापलं आणि वर त्यांनाच अडाणी म्हटलं. याचा राग येत नसेल तर तुम्ही काय शिकलात?

तर पश्चिम आफ्रिकेत ग्रियो असतात. पिढीजात गाणारे, घराण्यांचा इतिहास त्यांच्या तोंडी. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात परधान असतात. ते आपल्या यजमान गोंड घराण्यांच्या कथा गातात, आणि घरात मराठी बोलतात. या दोघांची तुलना हे माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. मार्गदर्शक बाईंनी स्पष्ट बजावलं होतं, “प्रत्यक्ष ऐकलेलं, टिपलेलं काहीतरी आण, नाहीतर प्रकरण गाळ. महिनाभर आहे तुझ्याकडे.” बाकीची चार प्रकरणं दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून लिहिलेली. हे एकच माझं होतं. ते गाळायचं म्हणजे राहिलं काय?

पैनगंगा ओलांडली आणि पाट्या बदलल्या. इतके मराठी लोक राहतात त्या मुलखात पाटीवर मराठीचं एक अक्षर नाही, हा मुद्दा मी कंडक्टरसमोर मांडला. हिंदीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “इच्चोडा अयिपोयिंदम्मा” (इचोडा कधीच मागं गेलं, बाई). मी नेरडीगोंड्याला उतरले. रस्त्याच्या कडेला कापसाचे ट्रक, समोर चहाची टपरी आणि दूरवर कुणीही ओळखीचं नाही.

मधुकरमामांना फोन केला. ते आईचे चुलतभाऊ, इचोड्याचे निवृत्त शिक्षक; मी त्यांच्याकडेच उतरणार होते. “मले वाटलंच,” एवढंच बोलून ते स्कूटर घेऊन आले. टपरीवर माझं पत्रक चष्मा लावून वाचलं. सगळं वाचलं, मागची बाजूसुद्धा.

“कसं वाटलं?”

“एका पानात अकरा उद्गारचिन्हं हायत, पोरी. वर्गात मी इतका वरडलो असतो तं पयल्याच साली घसा गेला असता.”

इचोड्यात संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि गोंगुऱ्याची (अंबाडीची) भाजी झाली. मामांचं म्हणणं, सीमेच्या अलीकडे पलीकडे आंबटपणा बदलतो. मला तरी तो सारखाच लागला, पण वाद घालायला तोंड रिकामं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवरून इंद्रवेल्लीकडे निघालो. सागाची मोठी पानं धुळीनं तांबूस झालेली, मधे मधे वेचणीला आलेला कापूस, डोक्यावर ऊन असूनही हवेत गारवा. इंद्रवेल्लीला १९८१च्या पोलीस गोळीबारात गेलेल्या गोंडांच्या आठवणीचा स्तंभ आहे. मामांनी स्कूटर थांबवली, चपला काढल्या, हात जोडले. मी स्तंभाकडे पाहून सुरुवात केली, “मामा, याचं खरं कारण म्हणजे जमिनीच्या...”

“माहीत हाय. इथं जरा वेळ चूप राहाचं असते.”

मी गप्प राहिले. मिनिटभर. तेवढंच जमलं.

लक्ष्मणबाबांचं गाव तिथून पुढं, कच्च्या रस्त्याने. बाबा परधान, सत्तरीपलीकडचे, मामांचे जुने स्नेही. मामा “जय भीम” म्हणाले, बाबा गोंडी रिवाजाने “जय सेवा” म्हणाले, आणि दोघंही हसले. बाबांनी कापडातून कीकरी (गजानं वाजवायचं तीन तारांचं वाद्य) काढली, मांडीवर ठेवली, तारा पिळल्या. मी यंत्र चालू केलं.  वर्षभर पुस्तकात वाचलेलं आता समोर होणार होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “तू किती देवांची, पोरी?”

मला माहीत होतं की गोंडांत घराणी चार देवांची, पाच देवांची, सहा, सात देवांची अशी ओळखतात. गाणारा आधी ते विचारतो. पण हा प्रश्न मला?

“एकाही नाही,” मी म्हणाले. “आम्ही बौद्ध.”

“असू दे. मंग घर कोणाचं? कोणाची तू?”

आता हा प्रश्न आमच्या घरात कसा घेतला जातो ते मामांना विचारा. भाड्याची खोली पाहायला गेलं की हाच प्रश्न, वसतिगृहात हाच, लग्नात जेवायला बसलं की शेजारची बाई हेच. मी चौदाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं की याचं उत्तर द्यायचं नाही. तसं बाबांना सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. माणसाला माणूस म्हणून ओळखा, कूळ विचारणं हीच गुलामी, वगैरे. पत्रकातला पूर्ण दुसरा परिच्छेद झाला.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कीकरी परत कापडात गुंडाळली.

“जात कोनं इचारली, बाई? घर इचारलं. आयकनारा कोन हाय हेच ठाव नसन तं गाऊ कोनासाठी?”

मामा छताकडे बघत होते.

मी घाईघाईने संमतिपत्र काढलं. आम्ही बाहेरच्यांसारखे नाही, तुमच्या परवानगीशिवाय काही नेणार नाही, हे सांगायला. मामांनी मोठ्याने वाचलं: सांगणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, कूळ, गाव, वय. कलम सात, ज्याचा मला फार अभिमान, की सांगणाऱ्याने कोणताही भाग काढून टाकायला सांगितला तर तो कारण न विचारता काढला जाईल.

“चांगलं हाय,” बाबा म्हणाले. “यात माझा बाप हाय, माझं कूळ हाय, माझं गाव हाय. तुझं कुठी हाय?”

तीन पानांत माझ्यासाठी फक्त सहीची एक रेघ होती.

आणि सांगायलाच हवं: ग्रियो गाण्याआधी पाहुण्याचं घराणं विचारतो, त्याच्या पूर्वजांची नावं घेतो, याचं कौतुक करणारा अठरा पानांचा निबंध मी लिहिलेला आहे. त्याला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते.

बाबांची सून शेवंताबाई दुपारी कापूस वेचायला निघाली, तिच्यामागे मीही गेले. माझ्या हाताला बोंडांची टोकं बोचत होती, तिची ओंजळ भरत होती.

“तिकडं आफ्रिकेत जाऊन आली का तू?”

“नाही.”

“मंग हे सारं?”

“पुस्तकातून.”

“आमच्याकडं तरी बसनं आली बाप्पा!” ती हसून हसून वाकली. मग म्हणाली, “कथा नाई देनार ते. ज्याची कथा त्याच्या घरी, त्याच्या देवापुढं. यजमान समोर नसला तं माह्यासमोरई गात नाईत. मी तं घरचीच सून.”

“मग कीकरी काढली कशाला?”

“पाहुनी आली म्हनून. तुह्यं गानार होते.”

माझं! मी बांधावर बसले. एका सुलतान घराण्याच्या नऊ पिढ्या मला पाठ आहेत, परीक्षेत आल्या होत्या. माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव मला माहीत नव्हतं.

तळ्याच्या काठावर एका दगडावर उभं राहिलं की फोन लागतो. बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, लावला. ते नागपुरात सरकारी कचेरीत लिपिक आहेत.

“आजोबांच्या मागची नावं हवीत.”

“काऊन? कोणता दाखला काढून राह्यली?”

खरंच, आमच्याकडे पूर्वज फक्त दाखल्यासाठी लागतात. वडिलांनी जात पडताळणीची फाइल काढली आणि वंशावळ वाचून दाखवली, सही-शिक्क्यासकट: आजोबा सीताराम, त्यांचे वडील गोमाजी, त्यांचे वडील सोनबा. संपलं.

शेवंताबाई शेजारी उभी राहून ऐकत होती. “अन् यांच्या बायका कुठी गेल्या?”

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. माझं एक पूर्ण पत्रक त्यावर आहे.

वडील म्हणाले, थांब, आत्याला विचारतो. त्यांची आत्या पांढरकवड्याला राहते. सीतारामांची धाकटी बहीण. अर्ध्या तासाने फोन आला. सीतारामांची बायको सखूबाई. गोमाजींची बायको भागाबाई, म्हणजे आत्याची आई. सोनबांच्या बायकोचं नाव आत्यालाही माहीत नाही. आणि आत्याने भागाबाईची एक गोष्ट सांगितली होती, ती वडिलांनीही आयुष्यात पहिल्यांदा ऐकली होती. ते जरा अडखळत बोलले. मी त्या दगडावर उभीच राहिले, आणि खोटं कशाला बोलू, डोक्यात नव्या पत्रकाचा मथळा तयार झाला.

लक्ष्मणबाबांसमोर जाऊन बसले. काही न विचारता नावं सांगितली, भागाबाईची गोष्ट सांगितली. संमतिपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे सगळं लिहून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. कीकरी काढली. मी यंत्र पुन्हा चालू केलं.

गाणं मराठीत होतं, फार तर दहा मिनिटांचं. सोनबापासून सुरू झालं. सोनबाच्या बायकोच्या जागी बाबा गायचे थांबले आणि गज नुसता एकदा लांब फिरवला, रिकामा, एका सुरात. मग गोमाजी, मग भागाबाई आणि तिची गोष्ट, सीताराम, सखू, माझे आईबाप, आणि शेवटी थांबा चुकून नेरडीगोंड्याला उतरलेली पोरगी. मामा आणि शेवंताबाई खो खो हसले. मी पण हसत होते. नाक पुसायला रुमाल मात्र मामांनी दिला.

“हे तुझं,” बाबा म्हणाले. “पायजे त्याले दे. गोंडाईचं पायजे असन तं पेनाच्या (देवाच्या) कामाले ये, यजमानाले इचार, समोर बस.”

“त्याला अजून किती दिवस?”

“तीन मयने.”

महिनाभराची मुदत त्यांना सांगून उपयोग नव्हता. निघताना पाहिलं, तर शेवंताबाईने मी वाटलेली पत्रकं फडताळात डब्यांखाली नीट अंथरली होती. मथळा वरच्या बाजूला ठेवून. इतकी मांडणी आमच्या विद्यार्थी संघटनेतही होत नाही.

परतीच्या बसमध्ये मी कंडक्टरशी भांडले नाही. गणित जुळवत होते: ग्रियो पाहुण्याचं गातो, परधानाने पाहुणीचं गायलं; प्रकरण वाचलं! भागाबाईची गोष्ट तर अशी की वाचणारा हलून जाईल. फक्त सांगणारी आत्या, तेव्हा संमती आत्याची. म्हणून पांढरकवड्याला उतरले.

आत्याआजी अंगणात तूर पाखडत होती. मी संमतिपत्र पुढं केलं.

“आधी आयकव. सही काय पळून चालली?”

मी यंत्र लावलं. सूप मांडीवर ठेवून तिने पूर्ण ऐकलं. आईचं नाव आलं तसा पदर सारखा केला, कुणी वडीलधारं आत आल्यासारखा. संपल्यावर म्हणाली, “आवाज चांगला हाय बुढ्याचा. पन आईची ती गोष्ट काढ.”

“आजी, तीच तर सगळ्यांत मोठी गोष्ट आहे! लोकांना कळायला पाहिजे!”

“लोकाईले कायले? म्या पोराले सांगतली, त्यानं तुले सांगतली. घरात आली, झालं.”

माझ्याकडे पूर्ण भाषण तयार होतं. दडपलेला इतिहास, गप्प बसवलेल्या बाया. तोंड उघडलं आणि तिच्या हातातल्या कागदावर माझंच कलम सात दिसलं. कारण न विचारता.

पुसायला किती वेळ लागतो? दोन बटणं. मग पुन्हा लावून दाखवलं. भागाबाईच्या नावानंतर लगेच सीताराम आला. आजीने मान हलवली, सही केली, सावकाश, पूर्ण नाव, मधे आईचं नाव घालून. मग तुरीचं सूप पाखडायला माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकाला लागली.

मार्गदर्शक बाईंनी प्रकरण ठेवलं आहे. समासात लिहिलंय, ‘भागाबाईंबद्दल अधिक तपशील हवा.’ माझ्या मैत्रिणींनी हेच विचारलं, आणि हे वाचून तुम्हीही विचाराल. मला ती गोष्ट शब्दन् शब्द पाठ आहे. ती आमच्या घरात आहे.